पंधरा पौंडांवरचा काटा

आमच्या घरी अंघोळीच्या पाण्याला बंब नव्हता, बॉयलर होता. हल्ली भिंतीवरच्या विजेच्या टाकीलाही लोक बॉयलर म्हणतात, तसला नव्हे. पोटात दाब धरणारा, डोक्यावर जादा दाब सोडून देणारा सेफ्टी वॉल असलेला, काट्याचं गेज असलेला खरा बॉयलर. आमच्या ह्यांनी तो स्वतः बनवला होता आणि माझ्या हातून तो गेला. कसा गेला ते क्रमानं लिहून ठेवते, कारण घरात त्याबद्दल पुन्हा कोणी बोललेलं नाही.

हे चिंचवडला एका कंपनीत बॉयलर अटेंडंट होते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, सकाळचं सत्र. बासष्ट साली आम्ही इथं आलो तेव्हा भाड्याच्या एका खोलीत होतो. पुढं चार-पाच वर्षांनी काळेवाडीच्या बाजूला जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि मागं पत्र्याची पडवी काढली. पडवी झाली त्याच महिन्यात ह्यांनी कंपनीच्या भंगारातून जाड पाइपचा एक तुकडा मिळवला. कमरेएवढा उंच, कवेत न मावणारा. दोन्ही तोंडांना पत्रे वेल्ड करून घेतले, खाली तीन पाय, पायांमध्ये चूल. जळण म्हणजे यंत्रांच्या पॅकिंगची खोकी. त्या वर्षांत आमच्या भागात फळ्यांना तोटा नव्हता.

हा बॉयलर कसा चालायचा ते एकदा सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बाजूला हातपंप होता. पंपानं पाणी आत दाबायचं. वर थोडी हवा कोंडलेली असते, ती दबून बसते आणि मग तीच पाण्याला पाइपातून वर न्हाणीघराच्या शॉवरपर्यंत ढकलते. किती दाबायचं ते गेजवर बघायचं. पंधरा पौंडांवर ह्यांनी लाल रंगाची रेघ ओढली होती. थंड असताना काटा रेघेवर पाहिजे. चूल पेटवली की तो अठरा-वीसवर जातो. पाणी काढलं की उतरतो. उतरला की पुन्हा पंप मारून रेघेवर आणायचा. आतलं पाणी दाखवणारी काचेची एक नळीही सुरुवातीला होती. ती पहिल्याच वर्षी फुटली आणि ह्यांनी तिथं बूच बसवलं.

"कंपनीत असं केलं तर मला गेटबाहेर काढतील," म्हणाले. "घरी काय, काटा बघायचा. काट्यावरून पाणी कळतं."

ते बूच तसंच राहिलं.

शेजारीपाजारी हसायचे. तीन माणसांच्या अंघोळीला एवढं यंत्र. मुलगी लग्न होऊन सासरी गेली तेव्हा विहीणबाई बॉयलर बघून गेल्या आणि तिकडं जाऊन म्हणाल्या की व्याह्यांनी घरात रेल्वेचं इंजिन ठेवलंय. हे खूश झाले. मला विचाराल तर बंबाला राख काढायला लागते तेवढीच बॉयलरलाही लागायची, आणि पंप मारणं वर. पण सकाळी पाळीवरून आले की हे शॉवरखाली उभे राहायचे आणि आतून आवाज द्यायचे, "किती आहे गं?" मी काटा बघून सांगायचे, "बारा." ते म्हणायचे, "बरं." एवढंच. त्यांच्या कामात असंच विचारतात आणि असंच सांगतात.

पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराला, आषाढात, ह्यांना अर्धांगाचा झटका आला. कंपनीतच आला. निघोज्याचे भाऊजी पाळीवर बरोबर होते म्हणून वेळेत दवाखाना झाला. हे भाऊजी म्हणजे ह्यांचे जोडीदार. बारा-तेरा वर्षं दोघं एका बॉयलरवर, एका पाळीत. निघोजे गावी शेती, रोज सायकलनं चिंचवडला येणार, ऊन असो पाऊस असो.

महिन्याभरात जीभ सुधारली, पायही बराचसा आला. उजवा हात आला नाही.

कंपनीनं रजा वाढवून दिली आणि कळवलं की दिवाळी झाली की कंपनीचे डॉक्टर आणि इंजिनियर तपासतील. बॉयलरच्या मुख्य वॉलचं चाक उजव्या हातानं फिरवून दाखवायचं. जमलं तर कामावर, नाही तर नोकरी सुटल्याचा कागद. नोकरीची आठ वर्षं उरली होती. माझ्या पगारात घर चाललं असतं, त्याची चिंता मी एका संध्याकाळी हिशेब करून मिटवली होती. प्रश्न तो नव्हता. हा माणूस बॉयलरसमोर उभा राहिला की माणूस होता. बाकी वेळ तो पुढच्या पाळीची वाट बघायचा. तो घरी बसला तर काय होईल ह्याचा हिशेब मला करता येत नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उपाय सांगितला तो साधा होता. रोज सकाळी कोपरापासून बोटांपर्यंत गरम पाण्याची धार, पाव तास, जोर असलेली. मग एकेक बोट हलवून बघायचं आणि लिहून ठेवायचं. "धार जोराची हवी, नुसतं ओतलेलं पाणी नको," असं ते दोनदा म्हणाले. हे माझ्याकडे बघून हसले. पहिल्यांदाच हसले झटक्यानंतर. दहा वर्षं सगळे ज्याला हसले, तो बॉयलर आता औषध झाला होता.

मी शाळेतली हजेरीची जुनी वही घेतली. मागच्या कोऱ्या पानांवर रकाने पाडले: पंपाचे हात किती, दाब थंड असताना, दाब तापल्यावर. त्यापुढं अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. बोटांच्या रकान्यात तीनच शब्द लिहायचे ठरवले: हललं, थोडं, नाही.

आतापर्यंत पंप मारणं ह्यांचं काम होतं. आता ते पडवीत खाटेवर बसून सांगत आणि मी करी. आणि नेमका त्याच वेळी बॉयलर दाब धरेना. आदल्या दिवशी काटा रेघेवर आणून ठेवावा तर सकाळी आठवर. कधी सहावर. ऐंशी-ऐंशी हात मारावे लागत, मग चूल, मग धार, मग पुन्हा पंप, मग सात वाजता शाळा. शाळेत फळ्यावर लिहायला हात वर होत नसे.

"गळतंय कुठंतरी," हे म्हणाले. "साबण लाव."

अंघोळीचा साबण पाण्यात घोळून फेस केला आणि प्रत्येक जोडाला लावला. जिथून हवा सुटते तिथं फुगा येतो. ह्यांनी डाव्या हातानं बोट दाखवत जावं, मी फेस लावत जावं. दोन दिवस लागले. एक जोड सापडला, तो दोरा गुंडाळून आवळला. तरीही सकाळी काटा नऊवर.

"आवळलंस का नीट?"

"तुम्ही सांगितलं तेवढं आवळलं."

"पाना कसा धरलास?"

"हातानं धरला."

"मास्तरीणबाई, मी वर्गात असतो तर तुम्ही मला बाकावर उभं केलं असतं," म्हणाले. मग उजवा हात डाव्यानं उचलून मांडीवर ठेवला. "मला एकदा तो पाना हातात धरता आला पाहिजे गं. नुसता धरता."

शेवटी निघोज्याच्या भाऊजींनी येऊन शोधलं. जोड नव्हे, पंपाच्या आत चामड्याचा वायसर असतो, तो झिजला होता. दाबलेलं पाणी हळूहळू पंपातूनच मागं येत होतं.

"वहिनी, म्हातारं झालंय चामडं," ते म्हणाले. "आपल्यासारखंच. नवं टाकू."

"तुम्ही व्हा म्हातारे," हे खाटेवरून म्हणाले. "मला दिवाळीनंतर पाळीवर यायचंय."

"या की राव. तुमची खुर्ची पुसून ठेवलीय. नव्या पोराला बसू देत न्हाई त्यावर."

स्टेशनजवळच्या चांभाराकडून चामड्याची चकती कापून आणली, दिवसभर तेलात मुरवली आणि भाऊजींनी सांगितल्याप्रमाणे मीच बसवली. नवरात्राचे दिवस होते. चार-पाच सकाळी काटा अकरा, बारा असा मिळू लागला. सुधारणा होती. मी वहीत लिहिली.

बोटांच्या रकान्यांबद्दल आता सांगायला हवं. सुरुवातीला मी खरं लिहीत होते: नाही, नाही, नाही, नाही, नाही. धार झाली की हे हात माझ्या मांडीवर ठेवायचे आणि एकेक बोट हलवायचा प्रयत्न करायचे. कपाळावर घाम यायचा. मग विचारायचे, "काय लिहिलंस?" पाच वेळा नाही वाचून दाखवणं मला पंधरा दिवस जमलं. सोळाव्या दिवशी तर्जनी हलल्यासारखी वाटली. हात माझ्या मांडीवर होता, माझी मांडी हलली असेल. मी "थोडं" लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा बघितला आणि दुसऱ्या दिवशीही "थोडं" लिहिलं. मग अंगठ्यालाही. शाळेत मी गैरहजर मुलाला हजर मांडलं नाही कधी, कोणी कितीही विनवलं तरी. घरी मी दोन बोटं हजर मांडली.

खंडेनवमीला आमच्या भागातल्या सगळ्या कंपन्यांत यंत्रं धुतात, रंगवतात, हार घालतात आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. ह्यांनी घरच्या बॉयलरचीही पूजा दर वर्षी केली होती. त्या वर्षी मी केली. अष्टमीला दुपारी रॉकेलनं सगळा बॉयलर पुसला आणि चंदेरी रंग दिला. नवमीला सकाळी थंड बॉयलरमध्ये पंप मारून काटा बरोबर पंधरावर आणला, कारण पूजेच्या वेळी काटा रेघेवर पाहिजे असा ह्यांचा नियम होता. यंत्र उपाशी ठेवून पूजा करायची नाही म्हणत.

झेंडूचा हार मोठा केला होता, भाऊजींच्या मळ्यातली फुलं. तो अडकवायला जागा मिळेना. सेफ्टी वॉलवर ठेवला तर घसरायचा. गेजच्या खाली पाइपात एक पितळी कॉक होता, त्याची मूठ पाइपाला समांतर उभी असायची. ती मी आडवी फिरवली. छान खुंटी झाली. हार तिच्यावर अडकवला, दोन्ही बाजूंनी सारखा खाली आला, मधोमध गेज. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

"शोभतंय," हे म्हणाले. "कंपनीतल्यापेक्षा चांगलं केलंस."

मूठ पाइपाच्या रेषेत असली की कॉक उघडा आणि आडवी असली की बंद, हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. साबणाचा फेस लावताना ह्यांनी सांगितलं होतं. माझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर ते माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. त्या क्षणी मला हार दिसत होता, कॉक दिसत नव्हता.

दसऱ्याला सकाळी काटा पंधरावर होता. चोवीस तासांत एक पौंडही उतरला नव्हता. मी ह्यांना हाक मारली. ते काठी घेऊन आले, समोर उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले.

"वायसर बसला," म्हणाले. "तेल पिऊन चामडं फुगलं बघ. आता धरेल."

चूल पेटवली. ते न्हाणीघरात स्टुलावर जाऊन बसले.

"किती?"

"पंधरा."

थोड्या वेळानं, "तापल्यावर?"

"पंधराच."

"बरं," ते म्हणाले.

धार चांगली आली. धार संपल्यावर मी पंपाकडे गेले, तर काटा रेघेवरच. पंपाचे हात: शून्य. पाणी काढूनही काटा उतरत नाही, हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही असंही नाही. पण दोन महिने रोज ऐंशी हात मारल्यावर शून्य हा आकडा फार गोड वाटतो. मी तो वहीत लिहिला, ह्यांना वाचून दाखवला आणि आम्ही दोघं हसलो. संध्याकाळी भाऊजी आपट्याची पानं घेऊन आले. त्यांनाही सांगितलं.

"आता हाताचं तेवढं व्हऊ द्या," ते म्हणाले. "दोन बोटं तर आलीच म्हणं."

"दोन आलीत," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी, भाऊजींकडेच बघून म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पंधरा, तापल्यावर पंधरा. मी शाळेच्या घाईत असायचे. तिसऱ्या दिवशी चूल पेटवायच्या आधीच दोन्ही रकाने भरून टाकले. ह्यांच्या धंद्यात ही सवय फार जुनी आहे. आळशी अटेंडंट पाळीच्या सुरुवातीलाच आठ तासांची रीडिंगं भरून ठेवतो आणि डुलकी काढतो. हे अशा माणसांबद्दल बोलताना बाजूला थुंकायचे.

त्या तिसऱ्या सकाळी शॉवर फुरफुरायला लागला. आधी नुसता सुस्कारा, मग थोडं पाणी, मग वाफ आणि पाणी मिळून. मी मनात विचार केला: काटा बरोबर आहे, म्हणजे दोष शॉवरच्या जाळीत. शाळेतून आल्यावर जाळी उतरवून चिंचेच्या पाण्यात टाकली, सुईनं एकेक भोक मोकळं केलं.

जाळी पुन्हा बसवून मी ह्यांचा हात पुसायला घेतला तेव्हा मनगटाच्या वर एक लाल चट्टा होता, मधोमध फोड. रुपयाएवढा. सकाळी वाफ लागली होती. ते सकाळपासून तसेच होते. खाटेवर बसून पेपर वाचला होता, जेवले होते, फोड घेऊन.

"हे कधी झालं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी झालं असेल."

त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं फोड दाबून बघितला. मग जोरात दाबला. मी हात धरला त्यांचा.

"राहू द्या. मलम लावते."

मलम लावलं. वहीत फोडाबद्दल काही लिहिलं नाही. तर्जनी थोडं, अंगठा थोडं हे मात्र सकाळीच लिहून झालेलं होतं.

चौथ्या दिवशी काटा पंधरा. चूल पेटवली, चांगल्या कोरड्या फळ्या घातल्या. हे स्टुलावर बसले होते, हात पुढं करून.

"किती?"

"पंधरा."

शॉवरमधून काही येईना. मी आणखी एक फळी सारली.

"आलं नाही अजून," ते आतून म्हणाले.

मी उठून न्हाणीघराच्या दारापर्यंत गेले होते, म्हणून वाचले. मागं धप् असा आवाज झाला, मोठा नाही, भिजलेली गोधडी उंचावरून टाकावी तसा. पडवी राखेनं आणि वाफेनं भरली. बॉयलरमध्ये पाणीच जवळजवळ नव्हतं. चार दिवसांत थेंबही आत न घालता आम्ही काढत राहिलो होतो. तळाचा पत्रा कोरडा तापून लाल झाला, वेल्ड उघडलं आणि उरलंसुरलं पाणी चुलीत कोसळलं. विस्तव विझला. फळ्या इकडंतिकडं. काटा पंधरावर होता.

हे काठी न घेता बाहेर आले, भिंत धरून. बॉयलरकडे बघितलं, मग गेजकडे. मी शाळेत निरोप पाठवला.

बाराच्या सुमाराला भाऊजी दुसऱ्या पाळीला जाताना आले. वाकून तळ बघितला, जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मग वाळलेला हार उचलून बाजूला केला.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्यो कॉक आडवा हाय."

त्यांनी मूठ सरळ केली. काटा पंधरावरून सरळ शून्यावर येऊन पडला. इतके दिवस तो आपल्यापुरता दाब कोंडून बसला होता; बॉयलरशी त्याचा संबंध नवमीलाच तुटला होता.

"मीच फिरवला," मी म्हणाले. "हारासाठी."

भाऊजींनी ह्यांच्याकडे बघितलं, मग उगाच हसले. "जाऊ द्या राव. सणाची सुट्टी यंत्राला पण पायजे असती. वेल्डर माझ्या वळखीचा हाय, आठ दिवसांत..."

"वही आण," हे मला म्हणाले.

मी वही आणली. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि डाव्या हातानं पानं उलटली. त्या चार दिवसांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"थंड पंधरा. तापल्यावर पंधरा," त्यांनी वाचलं. "थंड पंधरा. तापल्यावर पंधरा."

"मला कळायला हवं होतं," मी म्हणाले.

"तुला कशाला? तू मास्तरीण." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "चूल पेटल्यावर काटा वर गेला नाही, ह्याचा अर्थ पहिल्या महिन्यातल्या हेल्परला कळतो. मी त्याच्यासमोर उभा राहून बघितला. तू मला चार दिवस सांगितलंस, तापल्यावर पंधराच. आणि मी बरं म्हणालो."

"अवो, घरचं बॉयलर त्ये..." भाऊजी म्हणाले.

"'तापल्यावर पंधराच' हे तुम्ही ऐकून घेतलं असतंत?"

भाऊजींनी पुन्हा गेजकडे बघितलं. मग म्हणाले, "न्हाई."

ह्यांनी वही पुढं सरकवून बोटांचे रकाने बघितले. थोडं, थोडं, थोडं. बराच वेळ बघितले. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"तुम्हाला उशीर होतोय," भाऊजींना म्हणाले. "पाळी आहे."

भाऊजींनी त्या दिवाळीआधी तीनदा फेऱ्या मारल्या. वेल्डर आणतो म्हणाले, ह्यांनी नको सांगितलं. मग एकदा पडवीच्या दारात उभं राहून त्यांनी मनातली योजना सांगितली: तपासणीला डावा हात चाकावर वरून ठेवायचा, उजवा नुसता टेकवायचा, इंजिनियर लांब उभा असतो, एकदा कामावर रुजू झालं की वॉल सगळे आपण फिरवू, तुम्ही फक्त काटा बघत बसा.

"तेच जमत नाही आता," हे म्हणाले.

पातेल्यात पाणी तापवून मी तांब्यानं हातावर धार धरत राहिले. खूप वरून ओतायचे, जोर यावा म्हणून. पाणी इकडंतिकडं उडायचं.

दिवाळीनंतर आम्ही कंपनीत गेलो. माझी रजा आदल्या आठवड्यातच टाकली होती. कागदपत्रांची यादी केली होती, दवाखान्याच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या होत्या. कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, नम्र होते. त्यांनी हात पुढं केला.

"काका, माझी बोटं धरा बघू. जमेल तेवढं. मग आपण इंजिनियर साहेबांकडे चाकापाशी जाऊ."

ह्यांनी हात उचलला नाही.

"हाताचं राहू द्या साहेब," ते म्हणाले. "कागद द्या."

"अहो, बघू तरी. थोडं हलत असेल तर हलक्या कामाचं..."

"हलत नाही. काहीच हलत नाही." मग थांबून म्हणाले, "आणि त्या बॉयलरभोवती चाळीस माणसं असतात."

डॉक्टरांना ते दुसरं वाक्य समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या पिशवीत वही होती. सुधारणा दाखवायला म्हणून मीच घेतली होती. ती मी बाहेर काढली नाही.

कागदावर सही लागत होती. अंगठा चालेल असं कारकून म्हणाला. तेरा-चौदा वर्षं दर तासाला लॉगबुकात सही करणारा माणूस. त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि मला कागद धरायला सांगितलं. फार वेळ लागला. अक्षर पहिलीतल्या मुलाचं आलं. मी रोज तसली अक्षरं बघते, म्हणून मला ते वाचता आलं.

परत येताना बॉयलर हाऊसवरून रस्ता होता. पत्र्याच्या भिंतीपलीकडून आवाज येत होता. हे थांबले नाहीत.

बॉयलर भंगारवाल्यानं नेला. गेज भाऊजी मागत होते, ह्यांनी देऊन टाकलं. पडवीत आता बंब आहे, तांब्याचा, सगळ्यांसारखा. बंबाला काटा नसतो, पाणी किती आहे ते झाकण काढून बघता येतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी वही कपाटात ठेवणार होते. ह्यांनी अडवलं. हाताचं रोज करायचं म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय तसं, आणि लिहायचंही. फक्त जे असेल ते लिही, आणि वाचून दाखव.

त्याला आता सहा-सात वर्षं झाली. जुनी वही भरली, दुसरी भरली. शाळेतून कोऱ्या पानांच्या जुन्या हजेऱ्या मिळत राहतात. सकाळी तांब्यानं गरम पाणी ओतते, हात पुसते, मांडीवर घेते. हे प्रयत्न करतात. अजूनही करतात, कपाळावर अजूनही घाम येतो. मी मांडी हलू न देता शेवटपर्यंत बघते आणि मगच पेन उचलते.

"वाच," म्हणतात.

"अंगठा नाही. तर्जनी नाही. मधलं नाही. अनामिका नाही. करंगळी नाही."

"बरं," ते म्हणतात, आणि मी शाळेला निघते.